जटक्याची गोष्ट

माझ्या तोंडून आजवर इतक्या गोष्टी बाहेर पडल्या, की एकामागे एक उभ्या केल्या तर बेंगळूरच्या कॉटनपेठेतून निघालेली रांग म्हैसूरच्या राजवाड्यात शिरेल. ही एक मात्र कधी बाहेर आली नाही. बायकोला सांगितली नाही. देवाला ठाऊक असेल, पण माझ्याकडून नाही. आता थकलोय. गोष्टी सांगून माणूस थकतो असं कुणी म्हटलं असतं तर मी खो खो हसलो असतो. पण न सांगितलेली — ती जास्त थकवते. तुम्हाला आहे का असला अनुभव? नसू दे.

दिवसा मी चिकपेठेत साड्या विकायचो. पदर उलगडेपर्यंत त्या साडीचं अख्खं घराणं सांगून व्हायचं. संध्याकाळी, धर्मशाळेच्या मागच्या खोलीत, शाळा सोडलेल्या पोरांचा वर्ग घ्यायचो. आमचीच पोरं — शिंप्यांची, रंगाऱ्यांची, कित्येक पिढ्या घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड बोलणारी. कुणी पत्त्यांच्या अड्ड्यावर कॉफी पोचवत होतं, कुणी थिएटरबाहेर काळ्या बाजारात तिकिटं विकत होतं. त्यांना एसएसएलसीला, म्हणजे मॅट्रिकला, बाहेरून बसवायचं, आणि पास झाले की शहराबाहेर नवे उभे राहत होते त्या सरकारी कारखान्यांत चिकटवायचं. काम मोठं होतं. मी ते आणखी मोठं करून सांगायचो. माझं ऐकणाऱ्याला वाटायचं, माझी पोरं रजेवर गेली तर कारखान्याचा भोंगाच वाजणार नाही. खरं तर तोवर जे लागले ते एका हाताच्या बोटांवर, आणि त्यातलीही बोटं उरत होती.

परशा तिकिटंवाला. आई-बाप लहानपणीच गेलेले. थोरल्या बहिणीनं, यमुनाक्कानं, वाढवलेला. ब्लाउज शिवून शिवून तिला पोक आलं होतं. परशा गणितात दोनदा आपटला, तिसऱ्या खेपेला सुटला. यमुनाक्का पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "अण्णा, आता याला त्या थिएटरच्या दारातून कायमचा उचला. ते लोक याची वाट बघत बसलेत." खरंच बसले होते. नोकरी लागली तर पोरगा वाचला, नाही लागली तर गेला — इतकं सरळ होतं ते. आणि मला ते ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा — मला ठाऊक होतं.

कारखान्यात परीक्षा झाली, मुलाखत झाली, परशाला निवडलं. उरली फक्त चौकशी. सरकारी नोकरी द्यायच्या आधी तेव्हा एक माणूस यायचा, ओळखीपाळखीत विचारायचा — पोरगा कसा आहे, काही भानगड वगैरे? शिकवणारा म्हणून तो माझ्याकडे येणार हे ठरलेलंच.

आला. कन्नड गृहस्थ, पांढरा शर्ट, काखेत छत्री, फार सभ्य. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी कॉफी मागवली. पोरगा धीट आहे का, त्यानं सहज विचारलं. झालं! समोर नवा माणूस, हातात वाफाळती कॉफी, दुकानातले दोघे गडी कान देऊन बसलेले — मी गप्प बसणार?

मी जटक्याची गोष्ट काढली. जटका म्हणजे आपला टांगा. परशानं एकदा स्टँडवरचा जटका न विचारता नेला होता, एवढं खरं. पण मी ती कशी सांगितली! घोडा मार्केटातून उधळला, इडल्या आकाशात, मागे तीन पोलीस, त्यातल्या एकाचा फेटा घोड्याच्या कानावर — आणि शेवटी परशानं घोडा सर्कशीला विकून जटकेवाल्याला नुसती चाकं परत दिली. तो माणूस असा हसला की कॉफी नाकात गेली. मी चढलो. आणखी दोन पोलीस घातले. डोळे पुसत तो उठला, "भारीच आहे हो तुमचा परशा," म्हणाला, छत्री उचलली आणि गेला.

मला कळलं होतं का? तो रस्ता ओलांडेपर्यंत कळलं. शेवटी शेवटी हसता हसता त्याचा चेहरा थोडा — अगदी स्वल्प — बदलला होता. साड्या विकणाऱ्याला चेहरे वाचता येतात, त्यावर तर त्याचं पोट. धावत जाऊन "अहो, थापा मारल्या मी" एवढं म्हणायला काय लागलं असतं? पण मग माझ्या बाकीच्या पोरांबद्दलचा माझा शब्दही खोटा ठरला असता, वर्गाची लाज गेली असती — असं मी मनाला सांगितलं. वर्गाची कसली? माझी.

परशाला बोलावणं आलंच नाही.

यमुनाक्का दुकानात आली. "कुठं अडलं, अण्णा?" आता बघा — जटक्याची थाप तोंडातून निसटली असं एखादा म्हणेल. ही निसटली नाही. ही मी विचार करून बोललो. म्हणालो, "अक्का, आपण मराठी ना. ते आपल्याला आत घेत नाहीत."

कुणी म्हटलं होतं असं? कुणीच नाही. मुलाखतीत ज्यांनी परशाला निवडलं ते कन्नडच. आमच्या वर्गात येऊन त्याचं गणित घासून घेणारे म्हातारे मास्तरही कन्नडच. पण वाक्य कसं चपखल बसलं! माझ्या सगळ्या थापांत सर्वांत आखूड, आणि सर्वांत लांब गेलेली. बघता बघता गल्लीभर झाली. पुढच्या खेपेला दोन पोरांनी अर्जच केला नाही. "आम्हाला कोण घेतंय, अण्णा?" मी त्यांना समजावलं नाही. काय सांगून समजावणार होतो?

परशा थिएटरच्या दारात परत गेला. मग तिकिटांवरून चाकू, मग तुरुंग, मग मार्केटात हमाली. मी दिसलो की ओझं उतरवून लोकांना सांगायचा, "या अण्णांनी माझ्यासाठी जीव तोडला. त्या लोकांनी घेतलं नाही." आणि शेजारच्या कन्नड हमालाकडे बघायचा — ज्यानं त्याचं काही म्हणता काही वाकडं केलं नव्हतं. मी मान हलवायचो. यमुनाक्का जगली तोवर दर उगादीला, म्हणजे पाडव्याला, माझ्याकडे ओबट्टू पाठवायची, आपली पुरणपोळीच ती. मी खायचो. तूप घालून.

जटक्याची गोष्ट त्यानंतर मी सांगितली नाही. लोकांनी मागितली, मी आठवत नाही म्हणालो. आठवते. खरी कशी आहे ते तेव्हाही माहीत होतं.

यमुनाक्का तापानं बेशुद्ध पडली होती. जटकेवाला जेवायला गेला होता. परशानं जटका नेला, तिला इस्पितळात पोचवलं, आणि जटका परत जागेवर आणून उभा केला. घोड्याला पाणी दाखवलं. जटकेवाला आल्यावर त्याच्या पाया पडला. तो नुसतं "सरी, सरी" म्हणाला, म्हणजे असू दे. कुणी मागे लागलं नव्हतं.

त्या दिवशी सांगताना मी बहीण वगळली. ती गोष्टीत आली असती तर तो माणूस हसला नसता.