तेविसावं नाव

“खोड ते नाव.”

“खोडूचंय नाय.”

“रुक्मिणी, कागद इकडे दे.”

“कागद बायकांचो आसा. तो तुमका मेळाचो नाय.”

गुरुदास मास्तर घरात एरवी मालवणीच बोलायचे. घाबरले की मात्र शाळेतली मराठी त्यांच्या तोंडी यायची, आणि आज सकाळपासून ते तिच्यातून बाहेरच आले नव्हते. रुक्मिणीला ते कळत होतं. तिनेही कागद पोटाशी गच्च धरला होता.

संक्रांत होऊन दोन दिवस झाले नाहीत तोच रेडिओवर सांगितलं, मुंबई महाराष्ट्राला मिळायची नाही, दिल्लीच्या ताब्यात राहायची. मागोमाग मुंबईत गोळ्या सुटल्याची बातमी. देवबागेतल्या निम्म्या घरांतले पुरुष मुंबईत, कुणी गिरणीत, कुणी गोदीत. कितीतरी दिवस कुणाचं पत्र नाही. बायका रुक्मिणीच्या ओसरीवर येऊन बसल्या, कारण वाडीत सातवी झालेली बाई ती एकच. खारेपाटणच्या एका दुकानदाराची लेक. लग्न होऊन आली तेव्हापासून, बारा वर्षं, वाडीची पत्रं तीच लिहायची. कुणाला दिवस राहिले, कुणाची म्हैस आटली, कुणाला सासू जेवू घालत नाही, सगळं तिच्या बोटांतून गेलं होतं आणि तिच्याच पोटात राहिलं होतं.

या खेपेला तिने पत्र लिहिलं ते दिल्लीतल्या आपल्या सभासदाला. “आम्ही तुम्हांस निवडून दिले. आमची माणसे मुंबईत राबतात. ती मुंबई आमच्यापासून तोडण्यास तुम्ही हात वर करणार असाल, तर आधी इथे येऊन आमच्या तोंडावर सांगा.”

लिहिणं सोपं होतं, अडलं ते नावांपाशी. नवऱ्याचं नाव घेणार कोण?

“नुसता ‘सुभद्रा’ लिवलंस तर तेंका काय कळतला, खंयची सुभद्रा ती?” हौसाबाई म्हणाली. मग ठरलं, शेजारणीने शेजारणीच्या घोवाचं नाव सांगायचं. हौसाबाईने सुभद्रेच्या घोवाचं नाव सांगितलं ते पुढे एक शिवी लावूनच, आणि ओसरी हसली. अंगठे उठत गेले. सुभद्रेचा मात्र शाई लावलेला अंगठा कागदावर अधांतरीच राहिला.

“माज्या घोवाक गिरणीतसून काडल्यानी तर गो?”

“माजा नाव नाय काय खाली?” रुक्मिणी म्हणाली. “जा काय होतला, ता सगळ्यांचा होतला.”

सुभद्रेने अंगठा टेकला. बावीस अंगठे झाले आणि त्यांच्याखाली तेविसावी सही : रुक्मिणी गुरुदास केळुसकर.

आता मास्तरांना खोडून हवी होती ती हीच सही.

“शाळा तपासायला आलेले दिपोटीसाहेब काय बजावून गेले, ऐकलंस ना? मास्तराच्या घरातून चळवळीचा एक कागद बाहेर गेला, तर मास्तराने कायमचं घरी बसायचं. हे नाव तुझं एकटीचं नाही. मधोमध मी बसलोय.”

“मग माजा नाव लिवचा कसा? तुमका वगळून माका नाव आसा खंय?”

“माहेरचं लिही.”

“बारा वर्सांनी म्हायेरचा? बावीस जणींनी घोवांची नावां घातल्यानी, आणि मास्तरीण तेवढी बापसाच्या पाठीआड?”

मास्तर खाली बसले. बोलले ते एकदम मालवणीत.

“गो, माका दुसरा येता काय? होडीत बसलंय तर ओकतंय. जाळा कशी टाकतत म्हायत नाय. शाळा गेली तर मी कोण?”

भांडणाला ती तयार होती, या बोलण्याला नव्हती. तिने कागद पाटावर पसरला, टाक शाईत बुडवला आणि सहीवर धरला. टोकाशी शाईचा थेंब जमू लागला.

“रुक्मिणे!” सुभद्रा दारात धापा टाकत उभी. “भरती लागली. धोंडू टपालाची होडी काडता. कागद दी बेगीन.” मग तिची नजर टाकावर गेली. “काय खोडतंस गो?”

टाक सहीवर तसाच राहिला.

“कुणाचा तरी खोडतंस. माजा खोड मगे. पयला माजा खोड. तुजा आसा म्हणान मी आंगठो दिलंय.”

मास्तरांनी रुक्मिणीकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत होतं ते तिने वाचलं. हिला अक्षर कळत नाही. एक रेघ ओढ आणि सांग, शाई सांडली होती. बावीस जणींतल्या एकीलाही जन्मभर कळणार नाही.

खरंच कळलं नसतं. बारा वर्षांत तिने कागदावर काय उतरवलं, हे एकीनेही कधी दुसऱ्याकडून वाचून घेतलं नव्हतं.

थेंब पडायच्या आत तिने टाक दौतीत ठेवला. कागदाची घडी घातली, पाकिटात सारली, आणि कडांना शितं चोळून ते बंद केलं. मास्तर उठून उंबऱ्याशी आले.

“रुक्मिणी, दिपोटी इलो तर मी तेका काय सांगू?”

तिने पदर खोचला, त्यांच्या बाजूने अंग चोरून बाहेर पडली आणि सुभद्रेच्या मागून होडीच्या दिशेने चालू लागली.