बिनइस्त्रीचा शर्ट

लाँड्रीवाल्या मावशींना सगळी गल्ली ‘कडक मावशी’ म्हणायची. त्यांच्या हातच्या कॉलरींमुळे की स्वभावामुळे, ते म्हणणाऱ्यालाच माहीत. पुढे दुकान, मागे राहायची एकच खोली, आणि दोन्हींत शोधूनही सुरकुती सापडायची नाही. पलंगावरची चादर अशी ताणलेली, की बसायची छाती होऊ नये. काकांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, दुपारी जरा अंग टाकलं तरी दुकानातून आवाज यायचा, “उठताना चादर नीट करा.”

काका गिऱ्हाइकांचे कपडे घरपोच करायचे. माणूस धिप्पाड, एका हातावर सुटांचा ढीग घेऊन चार जिने चढणारा. पण भिंतीवर पाल दिसली की तोच माणूस खुर्चीवर चढायचा.

कोपऱ्यावरच्या इमारतीत एका भाडेकरूने खोली सोडली आणि घरमालकाने पडदे धुवायला न्या म्हणून सांगितलं. काकांनी पडदे उतरवले की त्यांचं बोचकं होऊन येतं, म्हणून मावशी स्वतः गेल्या. पडदा निघाला तशी खिडकीखालची काचेची पेटी दिसली. तळाला वाळू, एक कोरडी वाटी, आणि कोपऱ्यात पिवळी, काळ्या ठिपक्यांची पाल. कातडी अंगापेक्षा दोन मापं मोठी वाटत होती. शेपटी नाडीसारखी.

“पाळली होती म्हणे त्याने,” घरमालक म्हणाला. “गेला तशीच टाकून. मेलीय ती. संध्याकाळी देतो नाल्यात फेकून.”

पालीने हळूच पापण्या मिटल्या आणि उघडल्या.

“मेलेलं कोणी डोळे मिचकावत नाही,” मावशी म्हणाल्या आणि पडद्याचं टोक हातावर घेऊन त्यांनी तिला उचललं.

दुकानात काकांनी विचारलं, “पडद्यात काय गं?”

“पाहुणी.”

काकांनी वाकून बघितलं आणि पुढचं सगळं बोलणं रस्त्यावर उभं राहून केलं. “हे बघ, एक तर ती राहील, नाही तर मी.”

“तुमचं जेवण झाकून ठेवलंय. मी हिला डॉक्टरकडे नेऊन आणते.”

जनावरांची डॉक्टर तरुण होती, बोलायला सरळ. तिने पाल तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिली. “ही जात शेपटीत चरबी साठवते. हिने तीसुद्धा संपवलीय. बोटांवर जुनी कात अडकलीय, रक्त अडतंय. ऊब द्या, आडोसा द्या. कात ओलाव्याने सैल करा, ओढू नका. हे औषध ओठांना लावा, चाटेल. पण त्यावर फार काळ निघायचा नाही. हिने स्वतःहून किडा पकडून खायला हवा. खाल्लं तर वाचली.”

ओलाव्याचं काही शिकवायला नको होतं. सुती कपड्यावर पाण्याचा हबका मारायचा, गुंडाळी करून ठेवायची आणि ओल आतपर्यंत पोचू द्यायची, हे तर मावशींचं रोजचं काम. तशाच ओलसर फडक्याच्या गुंडाळीत त्या पालीला ठेवत. मग चष्मा नाकावर ओढून, कापसाच्या बोळ्याने एकेक बोट सोडवत. मोहरीएवढं बोट मोकळं झालं की त्यावर अलगद फुंकर घालत. औषधाचा थेंब ओठांशी नेला की इवलीशी गुलाबी जीभ बाहेर यायची. तेवढ्या वेळात दुकानात कोणी आलं, तर त्याला थांबावं लागे.

“मावशी, आता पालीलाही इस्त्री का?” एका गिऱ्हाइकाने विचारलं.

“तुमच्या पँटपेक्षा सरळ आहे ती. बसा गप.”

राहायला तिला एक पसरट टब दिला होता, वाफेच्या बॉयलरशेजारच्या फळीवर, तिथे ऊब असे. तळाशी पांढरं सुती कापड, कडक इस्त्री केलेलं, चारी कोपरे दाबून बसवलेलं. आडोसा म्हणून टबावर खळ घातलेला रुमाल. कापड रोज बदलायचं, रोज धुवायचं, रोज इस्त्री. इतकं स्वच्छ बिऱ्हाड गल्लीत कोणाचं नव्हतं.

बोटं मोकळी झाली. पण पाल खाईना. किडा त्या पांढऱ्याशुभ्र कापडावरून इकडून तिकडे पळायचा आणि ती टबाच्या कडेला तोंड लावून, पाठ करून बसायची. मावशी किडा काढून घेत आणि ताजं कापड घालत.

डॉक्टरने पुन्हा वजन केलं. आकडा वहीत मागच्या आकड्याखाली लिहिला. मग म्हणाली, “तुम्ही पुष्कळ केलंत. आता नाहीच खाल्लं, तर फार छळू नका तिला. शांतपणे जाऊ द्या.”

मावशी परत आल्या आणि इस्त्रीला लागल्या. थोड्या वेळाने दुकानात करपल्याचा वास आला. काका बाहेरून आले, तर एका पांढऱ्या कॉलरवर तपकिरी डाग, आणि मावशी त्याकडे बघत उभ्या. इतक्या वर्षांत हे कधी झालं नव्हतं.

“मी बघतो इकडे. तू पाणी पिऊन ये,” काका म्हणाले.

मावशी मागे गेल्या. काका जन्मात पहिल्यांदा त्या टबाजवळ गेले, एक हाताच्या अंतरावर थांबले, आणि रुमाल सरकवून त्यांनी आत डोकावलं. एवढ्या मोठ्या पांढऱ्या कापडावर ती एकटी, टबाच्या भिंतीला नाक लावून. काकांना ते बघवेना. हात तर तिच्याजवळ नेववत नव्हता. त्यांनी अंगातला शर्ट काढला, दिवसभर जिने चढून घामेजलेला, आणि लांबूनच तिच्या अंगावर टाकला.

“अहो! घाणेरडा शर्ट टाकलात त्यात?” मावशी दारातूनच म्हणाल्या.

“उघड्यावर बसली होती गं.”

मावशी शर्ट उचलायला धावल्या. कड उचलून बघतात तर खालचं कापड रिकामं. पाल शर्टाच्या बाहीत शिरली होती. आतून अगदी जराशी खसखस ऐकू आली. मावशींनी सवयीने निदान बाही तरी सरळ करावी म्हणून हात घातला.

“राहू दे ना,” बनियनवर उभे असलेले काका म्हणाले. “मी दमून आलो की मलाही वाटतं, पांघरुणाचा गोळा करून त्यात तोंड घालून पडावं. पण तुझ्या चादरीची भीती वाटते.”

मावशींनी त्यांच्याकडे बघितलं. मग हात मागे घेतला.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून मावशींनी बाहीच्या तोंडाशी एक किडा सोडला. काका खुर्चीवर चढून बघत होते. बराच वेळ काही झालं नाही. मग कफातून पिवळं डोकं बाहेर आलं. किडा हलला. चुरगळलेल्या शर्टातून ती नाडीसारखी शेपटी निघाली आणि तिचं टोक थरथरलं.

“काय झालं? खाल्लं का?” काकांना वरून नीट दिसेना.

“हळू बोला. चावतेय अजून.”

मावशींनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि दुसरा किडा सोडला.

आता त्या पालीची शेपटी मावशींच्या करंगळीएवढी झाली आहे. डॉक्टर म्हणते, अजून भरेल. काका चिमट्याने तिला किडे भरवतात, खुर्चीवरूनच. खोलीतली चादर दुपारची विस्कटलेली असते आणि दुकानातून आवाज येत नाही.

टबातला शर्ट मात्र धुवावा लागतोच. परवा मावशींनी तो वाळल्यावर टेबलावर पसरला, हात इस्त्रीकडे गेला आणि थांबला. मग त्यांनी शर्ट दोन्ही मुठींत धरून चांगला चुरगळला.

“बाही जरा जास्त चुरगळ,” काका म्हणाले. “डावी. तिला डावी आवडते.”