वास आला की सांग

आमच्या चाळीत कुणाकडे काय शिजतंय, याची खबर सगळ्यात आधी मला लागते. माझा नवरा तानाजी याला भोचकपणा म्हणतो, मी चौकसपणा म्हणते, आणि दोन्ही धरून आमचा संसार चाललाय. पण एका स्वयंपाकघरात माझी डाळ कधी शिजली नव्हती. ते शेजारच्या केशरबाईंचं.

चाळ कळव्यातली, पारसिकच्या डोंगराच्या बाजूची. चाळीच्या तोंडाशी दोन डॉक्टरांच्या पाट्या आहेत, तरी कुणाचं पोट दुखलं, घसा धरला, लग्नातलं जेवण छातीशी आलं, की माणूस आधी केशरबाईंचं दार गाठतो. गॅलरीत फुटक्या बादलीत लावलेला अडुळसा, फळीवर ओवा, सुंठ, ज्येष्ठमध, बाळहिरड्याचे डबे, आणि बाई स्वतः, नऊवारी लुगडं नेसून दारात बसलेल्या. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, काल काय खाल्लंस. दुसरा प्रश्न तापाचा. ताप चढता असेल, उलटीत रक्त असेल, बाळ दूध घेत नसेल, तर त्या डब्याला हातही लावत नसत, सरळ डॉक्टरकडे पाठवत. तानाजीचा खोकला लांबला तेव्हा अडुळशाचा काढा बंद करून त्यांनीच त्याला छातीचा फोटो काढायला हाकललं होतं.

पण औषध करताना माणूस बाहेर. तुम्हाला उंबऱ्यावर बसवायचं, हातात चहा द्यायचा आणि आतला पडदा ओढायचा. त्या पडद्याने माझी झोप उडवली होती. चाळीत कुणी म्हणायचं, बाई मंत्र पुटपुटतात. हे मी त्यांच्या कानावर घातलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, सकाळी मेणबत्ती आणि मोगऱ्याची अगरबत्ती, मोगऱ्याचीच, दुसरी चालायची नाही. या घरात मंत्र कुठून येणार? मंत्राने पोट दुखायचं थांबलं असतं तर ओवा कशाला लागला असता, असं त्यांनी मलाच विचारलं.

खरं कारण एकदा त्या बोलून गेल्या होत्या. बोलणारं माणूस जवळ असलं की वास चुकतो. त्या घड्याळ बघत नसत, आच बघत नसत. ओवा तव्यावर पडला की आधी त्याला ओल्या गवताचा वास येतो, मग तो नाकाला झोंबतो, आणि मग एक क्षण असा येतो की तो गोड होतो. त्या क्षणी तवा खाली आला पाहिजे. जरा उशीर झाला की कडू. सगळी विद्या ती एवढीच, असं त्या म्हणायच्या, आणि मला ते मुळीच पटायचं नाही.

केशरबाई माणगावकडच्या. लग्न होऊन कळव्यात आल्या, मालक शिवराम कंपनीत होते, आणि बाई एका प्रसूतिगृहात आया. हजारो बाळं त्यांनी पुसून, गुंडाळून आईच्या कुशीत ठेवली. बाळाचं डोकं हुंगून त्याला उष्णता झालीय की सर्दी ते त्या सांगतात, असं जुने लोक सांगत. मला ते तपासून बघायचं होतं, पण कसं तपासणार? शिवराम गेले, नोकरी संपली, मुलगा राजरत्न आणि सून मेघना कामावर जायला लागले. दिवसभराचं घर बाईंकडे, आणि त्या घरात चाळीचा राबता. त्याच्यावर त्या जगत होत्या, असं मी म्हटलं तर चुकणार नाही.

गेल्या दिवाळीनंतर त्यांना साथीच्या तापाने आणि सर्दीने चांगलंच धरलं. बऱ्या झाल्या, पुन्हा दारात बसायला लागल्या, आणि पडदा गेला.

सरळ काढूनच टाकला. कुणीही औषधाला आलं की बाई हाताला धरून आत न्यायला लागल्या. "बस इथं. वास आला की सांग." माझा तर आधी विश्वासच बसला नाही. एवढी वर्षं आम्ही उंबरा झिजवला, आणि आता एकदम पाट मांडून आमंत्रण? बायका खूश झाल्या. म्हणाल्या, बाई आता शिकवायला लागल्या. राजरत्नने शीळफाट्याच्या बाजूला फ्लॅट बघितलाय म्हणे, जाण्याआधी सगळं चाळीला देऊन जाताहेत. मला हे पटलं आणि वाईटही वाटलं, आणि तेवढ्यावर मी थांबले असते तर मी रुचिता कसली.

कारण काहीतरी जुळत नव्हतं. शिकवणारं माणूस सांगतं, या तर विचारत होत्या. आणि अगरबत्ती. त्या दिवशी बुद्धापुढे चक्क केवड्याची जळत होती. मी म्हटलं, मोगरा संपला वाटतं. त्यांनी पुडा उलटा करून लांब धरून वाचला आणि म्हणाल्या, हो, संपला. आमटीत हिंग इतका की वाटी तोंडाजवळ नेली तरी डोळ्यांत पाणी यावं. म्हातारपणी हात सैल होतो, मी मनात म्हटलं.

मग एका दुपारी मी पित्तासाठी धने-जिऱ्याचं पाणी मागायला गेले. बाई माझ्याकडे तोंड करून बोलत होत्या, पाठ गॅसकडे. शेगडीजवळ ठेवलेल्या फडक्याचा कोपरा जळायला लागला होता. धूर बारीक, पण वास असा की मला उंबऱ्यापासूनच येत होता. बाई मात्र पायरीखाली वाळत घातलेल्या बोंबलांबद्दल बोलतच होत्या. मी धावत जाऊन फडकं मोरीत टाकलं, वर पाणी ओतलं. वळून बघितलं तर त्यांचा चेहरा पांढराफटक.

"नाक गेलंय माझं," त्या म्हणाल्या. "तापापासून. काहीच येत नाही गं. डॉक्टर म्हणाला, आलं तर येईल."

मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही. बाई रडल्या नाहीत. त्यांची भीती वेगळीच होती. हे कळलं तर चाळ म्हणेल, आता म्हातारीच्या हातचं कशाला घ्या, आणि दार ओस पडेल. त्याहून मोठी भीती मेघनाची. ती शेगडीला हात लावू देणार नाही. सकाळी कामावर जाताना डबा भरून ठेवेल, गरमसुद्धा करू नका म्हणेल. "मग मी दिवसभर करू काय? भिंत बघू?" एवढं बोलून त्यांनी माझा हात घट्ट धरला. मेघनाला सांगायचं नाही, कुणालाच सांगायचं नाही.

मी कबूल केलं. माझ्यासारखीने पोटात काही ठेवायचं म्हणजे काय, हे चाळीला विचारा. नळावर गेले तरी ओठ मिटून. कोपरला राहणारी बहीण आली, तिच्यापाशीही नाही. तानाजीने विचारलं, तुला बरं नाहीये का.

आणि पुढच्याच आठवड्यात मेघना विजेची शेगडी घेऊन आली. उन्हाळ्यात गॅसपुढे तुम्हाला घाम येतो, यावर सोपं पडेल, असं तिने सासूला सांगितलं आणि सिलिंडर काढून बाहेरच्या कपाटात ठेवला. मला आधी वाटलं, नवीन फॅशन. पण केशरबाईंनी दारातून माझ्याकडे असं बघितलं की मी जागच्या जागी गार झाले. त्यांचा हिशोब सरळ होता. गुपित एकालाच माहीत, आणि ते एक माणूस म्हणजे मी.

त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मी अडुळशाला पाणी घालायला गेले तर त्या आत उठून गेल्या. माझा संताप झाला. आयुष्यात एकदाच मी तोंड बंद ठेवलं, आणि त्याच वेळी चोर ठरले! पण रागापेक्षाही मला छळत होता तो प्रश्न. मी नाही, तर मेघनाला सांगितलं कुणी? मी माझ्या पद्धतीने लक्ष ठेवायला लागले, आणि आधी न दिसलेल्या गोष्टी दिसायला लागल्या. गॅलरीतून जाणारी प्रत्येक बाई केशरबाईंच्या दाराशी जरा रेंगाळत होती. एक म्हणायची, मावशी, दूध वर आलं वाटतं. दुसरी म्हणायची, फोडणी छान झालीय, आता पाणी टाका. वरच्या मजल्यावरचे गुणाजीकाका तर जिन्यात उभं राहून हवा हुंगायचे. हे कौतुक आहे असं मी इतके दिवस धरून चालले होते.

शेवटी एका रविवारी कोपऱ्यातल्या खोलीतली कृतिका बाळाला घेऊन आली. बाळ गुडघे पोटाशी घेऊन रडत होतं. रडणं ऐकून आम्ही तीन-चार बायका दाराशी जमलो. मीही, बोलणं टाकलेलं असलं तरी. मेघना घरीच होती, भाजी निवडत. बाईंनी बाळाचं कपाळ बघितलं, पोट दाबून बघितलं, दूध घेतं का, शी कशी झाली, ओकलंय का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, वायू धरलाय, शेकू या, आणि तासाभरात थांबलं नाही तर डॉक्टर. ओव्याची पुरचुंडी करायची होती. त्यांनी नव्या शेगडीवर लोखंडी तवा ठेवला, ओवा टाकला आणि कृतिकाला जवळ बोलावलं. पण बाळ तिला सोडेना. दुसऱ्या कुणाला बोलवायचं म्हणजे मेघनाच्या देखत बोलवायचं. त्यांनी कुणालाच बोलावलं नाही. कलथा फिरवत, तव्याकडे टक लावून, रंगावरून अंदाज घेत त्या एकट्याच उभ्या राहिल्या.

ओव्याचा गवताचा वास आला. मग झोंबला. मी श्वास धरला. आणि तो गोड झाला.

"आला," मी म्हणाले. माझ्याच्याने राहवलं नाही. पण तो शब्द माझ्या एकटीचा नव्हता. दाराशी उभ्या सगळ्याजणी एकदम म्हणाल्या होत्या, कृतिकाही, आणि भाजीवरून मान वर करून मेघनाही.

बाईंनी तवा उतरवला. ओवा फडक्यात बांधला, पुरचुंडी आपल्या गालाला लावून बघितली, जरा निवू दिली, पुन्हा गालाला लावली, आणि मग बाळाच्या पोटावर हलकेच ठेवली. हे सगळं त्यांनी न चुकता केलं. त्यानंतर माझ्याकडे वळल्या. "सगळ्यांना सांगितलंस होय गं?"

मी तोंड उघडायच्या आत कृतिका म्हणाली, मला कुणी नाही सांगितलं, मावशी, त्या दिवशी बाळाचा लंगोट बदलायला झालाय हे तुम्हाला कळलं नाही, तेव्हाच मी ओळखलं. तुम्ही लपवत होतात, म्हणून मीही कुणाला नाही सांगितलं. तशी दुसरी म्हणाली, मी पण कधीच ओळखलं होतं, पण बोलले नाही. तिसरी नुसतीच मान हलवायला लागली. मी बघतच राहिले. एकच गुपित सगळ्या चाळीने वेगवेगळं सांभाळलं होतं, आणि मला वाटत होतं मी एकटीच फुटायला आलेय.

मेघना उठून आली. "तुम्ही तापातून उठलात तेव्हापासून मला माहीत आहे, आई. खवट तेलात भजी तळलीत तुम्ही. आम्ही दोघांनी मुकाट्याने खाल्ली."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्हीच स्वयंपाकघर सोडून बसला असतात. म्हणून शेगडी आणली. गॅस सुटला तर तुम्हाला कळलं नसतं. तव्याला हात लावू नका असं कधी म्हटलं का मी?"

लुगड्याचा पदर तोंडाला लावून केशरबाई खाली बसल्या, आणि फडकं जळलं त्या दिवशी जे डोळ्यांत आलं नव्हतं ते आता आलं. आम्ही दाराबाहेर तशाच उभ्या. बाळ कण्हायचं थांबलं, मोठा आवाज करून वायू मोकळा झाला आणि कृतिका हसली.

"आत या सगळ्या," बाई म्हणाल्या. "बाहेर काय उभ्या." आम्ही आत जाऊन बसलो. तवा अजून गरम होता. त्यांनी तो सवयीने नाकाजवळ नेला, आणि खाली ठेवला. "कसा आला होता, ते तरी सांगा."

मी चाळीतली सगळ्यात बडबडी, पण मला सांगता येईना. गोड म्हणजे कसा गोड? तेव्हा मेघनाने सासूच्या लुगड्याचा पदर उचलला आणि आपल्या नाकाशी धरला.

"असा," ती म्हणाली. "मी या घरात आले तेव्हापासून हाच येतो."