मामांचा हात आणि माझी शिट्टी

लग्न असो की बारसं, शिट्टीमामांच्या गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी असायचीच. शेजारच्या लग्नात जेवणाच्या रांगेत एक माणूस ताट घेऊन मधेच घुसला, तेव्हा मामांनी ती वाजवलीसुद्धा होती. सगळा मांडव गप्प झाला. तो माणूस मुकाट्याने मागे गेला आणि मामींनी कपाळाला हात लावला.

मामा जबलपूरला खमरियाकडच्या एका शाळेत पीटीचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर रांझीला आमच्या घरामागच्या सिमेंटच्या मैदानावर रोज संध्याकाळी मुलींना बास्केटबॉल शिकवू लागले. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून जबलपूरचं. मी बँकेच्या बदलीने इथे आलो आणि राहिलो. माझी मुलगी सई त्यांच्याकडे जाऊ लागली, आणि मी आकडे नीट मांडतो म्हणून सामन्याचे गुण लिहायचं काम माझ्याकडे आलं. खेळ मला येत नव्हता. जो काही कळला, तो मामांच्या ओरडण्यातून.

चेंडू जमिनीवर आपटत पळायचं, त्याला ड्रिबल म्हणतात. हातात धरून कुणी जास्तीचं पाऊल टाकलं, की शिट्टी. "वरात आहे का तुझी? मिरवत काहून चालली?" ड्रिबल थांबवून चेंडू एकदा हातात घेतला, की पुन्हा आपटता येत नाही. "उतरली ना बसमधून? मग आता चढू नको. पास दे." समोरच्या संघाच्या बास्केटखालच्या रंगवलेल्या चौकोनात तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहायचं नाही. तिथे एखादी रेंगाळली, की "मामाचं घर समजून राहिली का?" आणि पाच फाउल होऊन बाद झालेल्या मुलीला ते स्वतः बाकापर्यंत सोडायला जात. "बस, आता टाळ्या वाजव. त्याबी नीट वाजव."

एक रीत मात्र त्यांची स्वतःची होती. जास्तीच्या पावलाची चूक झाली, की ते दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवत आणि शिट्टी वाजवत. लगेच त्या मुलीने चेंडू दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसा, समोरच्या संघातल्या मुलीच्या हाती द्यायचा. फेकायचा नाही, तोंड वाकडं करायचं नाही. बाहेरचे संघ हसत. मामांना फिकीर नव्हती.

आणि शिट्टी वाजेपर्यंत खेळ थांबवायचा नाही, हे त्यांनी मुलींच्या हाडात भिनवलं होतं. एकदा एकीचा बूट निघाला म्हणून ती थांबली. मामा धावत गेले. "शिट्टी वाजली का? नाही ना? मग काहून थांबून राहिली?" पोरगी एका बुटावर पळाली.

दोन वर्षांपूर्वी मामांचा घसा बसला आणि उघडलाच नाही. गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी सोबत होतो. मामांनी घोगऱ्या आवाजात एवढंच विचारलं, "शिट्टी वाजवता येईल का, साहेब?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. शस्त्रक्रियेनंतर श्वास गळ्याला पाडलेल्या छिद्रातून येतो-जातो, तोंडात हवा येत नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. मामांनी मान डोलावली, पण त्यांना ते पटलं नसावं. शस्त्रक्रिया होऊन घरी आल्यावर, मामी सांगत होत्या, "दार लावून फुंकून राहतात हो, भाऊ. गाल फुगतात नुसते."

मामा मैदानावर परतले ते मुठी फिरवत. मुली थांबेनात. थांबतील कशा? शिट्टी वाजली नव्हती. त्यांनी टाळ्या वाजवल्या, पण चेंडूच्या धपधपीत त्या ऐकू येईनात. रायपूरला असलेल्या त्यांच्या मुलीने बटण दाबलं की वाजणारी शिट्टी पाठवली. तिचा आवाज हुबेहूब रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या ई-रिक्षासारखा. रस्त्यावर रिक्षा वळली, की मैदानावर दहाही मुली उभ्या. हसावं की काय करावं, कळेना.

शेवटी मामांनी आपल्या गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली. ते हात करणार, मी फुंकणार. मी डोळे त्यांच्या हातांवरून हलू देत नसे. तरी हात दिसणार, मग मी श्वास घेणार, मग आवाज निघणार. तोवर चेंडू कुठल्या कुठे. सई म्हणाली, "पापा, आपकी सीटी लेट आती है. मैं तो मामा के हाथ देखती हूँ."

उन्हाळ्याच्या सुट्टीत पनागरचा संघ आला. पंच मामा, शिट्टी माझी, गुण लिहायला माझी बायको. शेवटचे काही सेकंद उरले असताना आम्ही तीस, पनागर एकोणतीस. चेंडू सईकडे आला. दोघी तिच्या अंगावर धावल्या आणि तिचं पाऊल जास्तीचं पडलं. मामांच्या मुठी फिरल्या. सईने ते पाहिलं, थांबली आणि दोन्ही हातांनी चेंडू पनागरच्या मुलीला दिला. त्या मुलीला शिट्टी ऐकू आली नव्हती. ती वळली, पळाली आणि बास्केट केली. माझी शिट्टी त्यानंतर वाजली. वेळ संपली.

पनागरचे सर पुढे आले. "सर, सीटी तो नहीं बजी थी." ते खोटं बोलत नव्हते.

बायकोने पेन उचललं. "मामा, हे दोन लिहू?"

"मामा, तुमचा हात आधी झाला होता," मी म्हणालो. "मी स्वतः पाहिलाय."

मामांनी कानाला बोट लावलं आणि नकारार्थी मान हलवली. मग हात वर करून दोन बोटं मनगटातून खाली वाकवली. म्हणजे बास्केट ग्राह्य. दोन गुण पनागरला. बायकोने लिहिलं, एकतीस-तीस, आणि मामांनी पंच म्हणून खाली सही केली. सई माझ्या शेजारी उभी राहून रडत होती. "मैंने तो उन्हीं की बात मानी, पापा."

त्यानंतर मामा मैदानावर आले नाहीत. मी दोनदा बोलवायला गेलो. त्यांनी चहा दिला, बसवून घेतलं, पण चपला घातल्या नाहीत. पाऊस सुरू व्हायच्या आधी त्यांची मुलगी त्यांना आणि मामींना रायपूरला घेऊन गेली. निघताना सई पाया पडली. मामांनी तिचे दोन्ही खांदे धरले. त्यांचे ओठ बराच वेळ हलत होते. काहीतरी मोठं सांगत होते.

"क्या बोल रहे हैं, पापा?"

मला कळलं नाही. मी मामींकडे पाहिलं.

"मला पण नाही समजत, भाऊ," मामी म्हणाल्या. "घरी पण असंच बोलून राहतात. मी हो म्हणते."

सईनेही मग हो म्हटलं.