खुनाच्या गोष्टी लिहिणारी बाई

ऐंशीच्या सुमारास माझी बायको सेवाग्रामच्या दवाखान्यात बाळंतपणासाठी होती. सासूबाई आणि मी सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसलो होतो. शेजारी एक उंच, पांढऱ्या केसांची गोरी बाई येऊन बसली. स्वीडनहून आश्रम पाहायला आली होती, उन्हानं चक्कर आली म्हणून दवाखान्यात आणलेली. मोडक्या इंग्रजीत मी विचारलं, काय करता? ती म्हणाली, "खुनाच्या कादंबऱ्या लिहिते. आमच्याकडे घरोघरी वाचतात."

मी ते सासूबाईंना सांगितलं. त्या दोन हात सरकल्या. "जवाईबापू, तिले दुसरीकडे बसवा. आज खुनाचं नाव नोको."

बाईनं अर्थ विचारला. मला खोटं बोलवेना.

"त्यांचं बरोबर आहे," ती शांतपणे म्हणाली. "माझ्या पुस्तकात पहिल्याच पानावर माणूस मरतो. कुणाच्या जन्माची वाट पाहत मी कधी बसलेली नाही. आज बसू द्याल?"

मी ते सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी डबा उघडला आणि तिच्या हातावर पोळीभाजी ठेवली. "खाऊन घे म्हणा तिले. येळ लागते."

दुपारी नर्सनं मुलगी झाल्याचं सांगितलं. रडली ती बाई, आणि सासूबाई पदरानं तिचे डोळे पुसत होत्या.