हलगी तापेपर्यंत
युरोपातल्या खेड्यांची गाणी ऐकून माना डोलावणाऱ्यांनो, आपल्या हलगीसाठी कधी पाच मिनिटं थांबलात का? कागद जळल्याचा वास आला की राजारामपुरीतला तो कॅसेटचा कार्यक्रम आठवतो. वक्ते आयर्लंड, हंगेरी, स्पेनची गाणी ऐकवत म्हणाले, "तिकडे रेडिओवरच्या गाण्यांतही गावाची चाल जपतात." शेवटी माझे चुलते हलगी वाजवणार होते. कातडं ताणून आवाज चढावा म्हणून त्यांनी माडीवरच्या सभागृहाच्या दाराशी कागद पेटवला. "पावणं, धूर हुतोय की! खाली जावा," संयोजक खेकसले. चुलते रस्त्यावर हलगी तापवून वर आले, तोवर आभारप्रदर्शन उरकलं होतं. "हंगेरीला जाऊन यायला येळ हाय, हलगी तापंस्तवर न्हाय व्हय?" त्यांनी विचारलं. संयोजक कॅसेटी गोळा करू लागले. मीही त्यांना थांबवलं नाही, आणि तो राग आजही माझ्यावरच जास्त आहे. पुढचा कार्यक्रम ठरवाल तेव्हा हलगी आधी वाजू द्या, कॅसेट थांबेल.