जांभळावरची नोटीस

आमच्या सोसायटीत गाडी लावायची सगळ्यात चांगली जागा माझी आहे. गेटमधून आत आलं की डाव्या हाताला, वळायला मोकळी, गाडी काढताना कुणाला खाली बोलवावं लागत नाही. नवीन राहायला आलेले विचारतात, ही तुम्हाला कशी काय मिळाली? मी म्हणतो, मिळाली नशिबाने. नशिबाने काही मिळालेली नाही. तिथे जांभळाचं झाड होतं आणि ते जावं म्हणून मी खटपट केली होती.

खटपट हा शब्दही मी स्वतःला सांभाळून वापरतो आहे. मी खोटं बोललो, एकदा महापालिकेच्या माणसाशी आणि एकदा माझ्यावर विश्वास असलेल्या एका म्हाताऱ्या माणसाशी. पहिल्या खोट्याची मला तितकीशी लाज वाटत नाही. दुसऱ्याबद्दल मी इतकी वर्षं कुणाजवळ बोललो नव्हतो, बायकोजवळसुद्धा.

विरार पूर्वेला चंदनसारच्या बाजूची आमची इमारत ज्या जमिनीवर आहे ती एका शेतकरी कुटुंबाची. जमीन विकल्यावर त्यांचं कौलारू घर तेवढं मागे राहिलं. त्या घरातले थोरले म्हणजे काका. आम्ही सगळेच त्यांना काका म्हणायचो. जमिनीचा व्यवहार ठरला तेव्हा काकांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने बिल्डरला एकच अट घातली होती, जांभूळ ठेवायचं. ते त्यांच्या वडिलांनी लावलेलं. बिल्डरने ठेवलं, आणि कंपाउंडची भिंत झाडाला अगदी लागून घातली.

काका रोज सकाळी जांभळाखाली गोणपाट पसरून बसायचे. भाऊ चांदीपला शेती करतो, त्याच्याकडून येणारा मुळा, लाल माठ, वालाच्या शेंगा समोर मांडलेल्या असायच्या. विकण्यापेक्षा जाणाऱ्या-येणाऱ्याला चिडवणं हा त्यांचा खरा धंदा. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो, म्हणून मला ते त्याच नावाने हाक मारायचे. "काय सेक्रेटरी, आज बायकोने भाजी सांगितली का तुझ्या मनाने घेनार? मनाने घेशील तर देत नाय, परत आनून देशील." मग स्वतःच मुळ्याची जुडी माझ्या पिशवीत टाकायचे.

पन्नाशी उलटल्यावर मी पहिली गाडी घेतली. ती का घेतली याचं चांगलंसं कारण इथे लिहिता आलं असतं. आईचं दुखणं होतं, बायकोचे गुडघे होते. पण खरं सांगायचं तर मला गाडी हवी होती म्हणून घेतली. आतल्या जागा आधीच वाटून झालेल्या. बाहेर रस्त्यावर लावली तर कुणीतरी किल्लीने ओरखडा काढला. झाडाखाली लावली तर मे महिन्यात टपावर जांभळाचा सडा पडायचा, आणि तो डाग जाता जात नाही. तक्रारी इतरांच्याही होत्या. मुलं निसरड्यावर घसरतात, चपला घरात डाग आणतात. मी त्या सगळ्या गोळा केल्या, सभेत ठराव करून घेतला आणि सोसायटीच्या नावाने अर्ज दिला.

उद्यान विभागातून एक तरुण निरीक्षक आला. त्याने खोडावर थाप मारली, वर पाहिलं, भोवती फिरला. झाड निरोगी आहे, म्हणाला. गाड्यांवर डाग पडतात म्हणून झाड तोडता येत नाही. फांद्या छाटायच्या असतील तर परवानगी देतो. धोकादायक असेल, वाळलं असेल, बांधकामाला इजा करत असेल तर गोष्ट वेगळी. तो नियम सांगत होता आणि मी त्यात वाट शोधत होतो.

झाडामागच्या भिंतीला तडा होता. पाण्याचा टँकर मागे घेताना ड्रायव्हरने तो पाडला होता. धक्का लागला तेव्हा काका जांभळाखालीच बसलेले. त्यांनी ड्रायव्हरला अशा काही शिव्या घातल्या की तो पैसे न घेताच निघून गेला होता. मी त्या तड्याचे फोटो काढले आणि दुसरा अर्ज केला की मुळांनी भिंत फुटली आहे, पडली तर माणसं दगावतील. निरीक्षक परत आला. तड्याजवळची माती त्याने बुटाने जराशी उकरली आणि मला विचारलं, "हे मुळांमुळेच ना?" मी हो म्हणालो. त्याला त्या दिवशी आणखी कुठे कुठे जायचं होतं. त्याने माझ्या शब्दावर लिहून घेतलं. सोसायटीचा सेक्रेटरी, नोकरदार माणूस, भिंतीसाठी कशाला खोटं बोलेल?

काही आठवड्यांनी झाडावर नोटीस लागली. झाड धोकादायक असल्याने तोडण्याचा प्रस्ताव आहे, असं त्यात होतं. शेवटी एक ओळ होती, कोणाची हरकत असल्यास त्यांनी सात दिवसांच्या आत लेखी कळवावे. हरकत आली की परत पाहणी होते, हरकत घेणाऱ्याचं म्हणणं ऐकून घेतात, हे मला ठाऊक होतं. आमच्या इमारतीतून कुणी हरकत घेणार नाही याची मी खात्री करून घेतली होती. काकांचा मात्र मी विचारच केला नव्हता. ते सोसायटीचे सभासद नाहीत, म्हणून ते माझ्या हिशेबातच नव्हते.

त्या सकाळी मी कामाला निघालो होतो. काकांनी हाक मारली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, माणूस ओळखू यायचा पण अक्षर दिसायचं नाही. "सेक्रेटरी, हे काय चिटकवून गेले रे झाडाला? वाच."

मी वाचली. सावकाश, कार्यालयाच्या नावापासून. धोकादायक हा शब्द आला तेव्हा ते म्हणाले, "कोनाला धोका?" मी म्हटलं, भिंतीला, साहेब पाहून गेलेत. पुढे वाचत शेवटच्या ओळीपाशी आलो. ती डोळ्यांसमोर होती. ती वाचली तर काका विचारणार, हरकत कशी घ्यायची. आणि हरकतीला माणूस आला की काका टँकरचं सांगणार. मी तिथेच थांबलो. म्हटलं, एवढंच आहे.

"मग आता काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"काही करता येत नाही, काका. महापालिकेचं काम आहे."

त्यांनी मान हलवली. माझ्यावर शंका घ्यायचं त्यांना काही कारणच नव्हतं. औषधाच्या चिठ्ठीपासून विजेच्या बिलापर्यंत त्यांचं सगळं मीच वाचून देत होतो.

परवानगी आली तेव्हा जांभूळ मोहरलं होतं. काकांनी एकच मागणं केलं, जून होऊन जाऊ दे, यंदाची जांभळं पोरांना खाऊ देत. परवानगीला मुदत असते, असं मी त्यांना सांगितलं. ते खरंही होतं. पण मुदत वाढवून मागता येते का, हे मी कुठे विचारायला गेलो नाही. तोडायला माणसं आली त्या दिवशी काका घराबाहेर आले नाहीत. मी कामावर होतो. संध्याकाळी परतलो तेव्हा बुंधासुद्धा जमिनीसपाट कापलेला होता. पुढच्या रविवारी मी तिथे पेव्हर ब्लॉक बसवून घेतले.

तोडलेल्या झाडाच्या बदल्यात रोपं लावून फोटो पाठवायची अट होती. सोसायटीत जागा कुठे? काका आपणहून म्हणाले, भावाच्या शेताच्या बांधावर लावू. टेम्पोतून रोपं घेऊन ते स्वतः गेले. मी पाठवलेल्या फोटोत रोपाला सरळ धरून तेच उभे आहेत. त्या उन्हाळ्यातच ती रोपं वाळल्याचं कळलं. आमच्याकडे नंतर कुणी विचारलं नाही, आणि मीही कधी बघायला गेलो नाही.

काकांनी गेटजवळ बसणं सोडलं. उन्हात भाजी सुकते, म्हणायचे. भेटले की बोलायचे, पण त्यांची थट्टा आटली होती. वय झालं असेल, अशी मी मनाची समजूत घालून घेतली.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्यानंतर एका सकाळी ते तिसऱ्या मजल्यावर आमच्या घरी आले. आमच्याकडे लिफ्ट नाही आणि ते याआधी कधीच वर आले नव्हते. धाप लागलेली. बायकोने पाणी दिलं. त्यांनी पेला हातात धरून ठेवला.

"समोरच्या बिल्डिंगीत करंजावर नोटीस लागलीय," ते म्हणाले. "मी वाचली. आख्खी."

"चांगलं झालं की काका. दिसायला लागलं तुम्हाला."

"खाली लिवलंय, हरकत असेल तर सात दिवसांत कळवा. आपल्या जांभळाच्या नोटिशीत हे नव्हतं काय?"

तेव्हाचा नियम वेगळा होता, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. त्यांनी ते मानलंही असतं. माझ्याकडे बघणारे ते डोळे स्वच्छ झाले होते. मी आधी जमिनीकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"होतं," मी म्हणालो. "मी वाचलं नाही. मुद्दाम."

"का?"

"तुम्ही टँकरचं सांगितलं असतंत."

"सांगितलंच असतं. माझ्यासमोर झालेलं." ते पाणी प्यायले आणि त्यांनी पेला खाली ठेवला. बायको आत निघून गेली. ते चिडतील, निदान टँकरवाल्याला घातल्या तशा दोन शिव्या देतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. "भाऊ बोलला मला तवा. बापाचं झाड तुझ्यादेखत गेलं, तू तोंड उघडलं नाहीस. मी त्याला म्हनालो, उघडून काय व्हनार होतं, सरकारी काम हाय. तो गप झाला तो झालाच. दिवाळीला येत नाय आता. भाजी पाठवतो, पन येत नाय." मग उठून म्हणाले, "आता त्याला तू सांग."

मी फोन करतो म्हणालो. ते म्हणाले, फोनवर नाय, तिथं येऊन.

करंजाची हरकत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली. मी मदत करू का विचारलं, तर नको म्हणाले. पाहणीला माणूस आला तेव्हा ते त्याच्यासोबत झाडाभोवती फिरले, आणि तिथे शेवटी छाटणीवर भागलं. हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

रविवारी आम्ही चांदीपला गेलो. मी गाडी काढली होती, पण ते गाडीजवळ आले नाहीत, बसथांब्याकडे चालू लागले. मी गाडी तिथेच ठेवून त्यांच्या मागे गेलो. बसमध्ये ते पुढच्या सीटवर बसले आणि मी मागच्या. काय बोलायचं याची मी मनातल्या मनात तयारी करत होतो. सुरुवात, मग सभेचा ठराव, मग नियमांची थोडी माहिती. आपण माफीसुद्धा एखाद्या अर्जासारखी मांडतो.

धाकटे भाऊ अंगणात वालाच्या शेंगा निवडत बसले होते. थोरला भाऊ आलेला पाहून ते उठले, खुर्ची पुढे केली, पण बोलले नाहीत. काकांनी माझी ओळख करून दिली ती अशी, "हा आमचा सेक्रेटरी. ह्याला तुला काय सांगायचंय." आणि ते खुर्चीत न बसता ओटीच्या पायरीवर जाऊन बसले.

मी सांगितलं. तयारी काही उपयोगी पडली नाही. भिंत टँकरने फुटली होती, मी ते मुळांवर ढकललं. हरकत घेता येत होती, ते मी तुमच्या भावाला कळू दिलं नाही. त्यांना दिसत नव्हतं आणि मी ओळ गाळली. त्यांची काही चूक नव्हती. एवढं बोलून माझं बोलणं संपलं. वाटलं होतं, आता काहीतरी सुटेल.

धाकट्यांनी हातातली शेंग सुपात टाकली. ते माझ्याकडे पाहत नव्हते, पायरीकडे पाहत होते.

"मला वाटलं तू पैसे घेतलेस," ते भावाला म्हणाले. "सोसायटीकडून. गप बसायचे."

काकांनी मान वर केली. भावाच्या मनात इतकी वर्षं हे होतं, हे त्यांना आत्ता, माझ्यासमोर कळत होतं. झाडाच्या वेळी गप्प राहिल्याचा राग त्यांना ठाऊक होता, तो ते सोसत आले होते. हे मात्र त्यांच्या स्वप्नातही नसेल. मी दोघांना जोडायला म्हणून आलो होतो, आणि जे त्यांनी कधी ऐकलं नसतं तेच माझ्यामुळे त्यांच्या कानावर पडलं.

"बापाच्या झाडाचे?" काकांनी विचारलं. "मी?"

घरातल्या बाई चहा घेऊन दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. मी म्हणालो, सगळा दोष माझा आहे, तुम्ही त्यांना काही बोलू नका. मला अजून तो स्वर ऐकू येतो. सोसायटीच्या सभेत दोन सभासद भांडायला लागले की मी असाच बोलायचो.

"तुमचं झालं ना सांगून?" काका मला म्हणाले. आजवर त्यांनी मला कधी अहोजाहो केलं नव्हतं. "मग तुम्ही निघा. आता आमचं आम्हाला बोलायचंय."

मी चहा न घेताच निघालो. बस यायला वेळ होता. थांब्यावरून त्यांचं अंगण दिसत होतं. धाकटे अजून उभेच होते आणि थोरले पायरीवर बसलेले. बोलत होते की नाही, इतक्या लांबून कळत नव्हतं. बस आली तरीही दोघांपैकी कुणी जागचं हललेलं नव्हतं.